शुक्रवारचे वाल

"शुक्रवारचे वाल गेले म्हणायचे आता," कुंदाकाकू ओट्याखाली चपला काढता काढता म्हणाल्या. त्यांच्यामागच्या बाईंनी नुसतं "हं" केलं.

रिबकामावशी, तुला जाऊन तेव्हा दोन-तीन दिवसच झाले होते. मी तुझ्या ओट्याच्या खांबाला टेकून उभी होते, कुणाच्या वाटेत येणार नाही अशी, नेहमीसारखी. आत तुझा मुलगा डॅनियल सुतकात जमिनीवर बसला होता. इस्राएलहून त्याचं विमान पोचेपर्यंत तुला माती दिली गेली होती, त्यामुळे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे तो 'तुम्ही होता का तिथे' अशा नजरेने बघत होता. आणि इथे बाहेर वालांची चर्चा. मला राग आला. रोह्यात तुझ्या आळीत, तुझ्या दारासमोर सगळा जन्म काढलेली बाई, आणि तिला आठवतात काय, तर वाल.

मग काकू पायरी चढल्या. आत जाण्याआधी त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या तुझ्या त्या तिरप्या लहानशा, आत प्रार्थना ठेवलेल्या डबीला बोटं लावली आणि बोटं ओठांना टेकवली. ज्यांच्या घरी गणपती बसतो, नवरात्रात घट बसतो, त्या कुंदाकाकू. आपण हे केलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. इतकी वर्षं तुला बघून हाताला सवय लागली होती. माझा राग तिथेच उतरला. त्यांना रडू येत होतं आणि रडण्याऐवजी त्या वालांबद्दल बोलल्या होत्या, एवढंच.

ऑफिसात सुट्टी मागितली तेव्हा साहेबांनी विचारलं, "कोण होत्या तुमच्या?"

"शेजारी."

"शेजाऱ्यांसाठी दोन दिवस?"

मी अर्ज पुढे सरकवला. खरं उत्तर द्यायचं तर बराच वेळ लागला असता, आणि तुला माहीत आहे, मी एका दमात तीन वाक्यांच्या पुढे जात नाही. ते उत्तर आता तुलाच देते. तू काही मध्ये तोडणार नाहीस.

मी तिसरीत होते. परीक्षा संपली होती. आळीतली मुलं उन्हात हुंदडायची आणि मी आमच्या माडीच्या खिडकीतून त्यांना बघत बसायचे. एक दिवस तू खालून हाक मारलीस, "खिडकीतली, खाली ये गो. तुझ्या बोटांना काम हाय." मला वाटलं, सुईत दोरा ओवून हवा असेल. खाली आले, तर ओट्यावर मुलं गोल करून बसलेली आणि मध्ये परातीत मोड आलेले वाल. नीलेश माझ्याहून थोडा मोठा. तो एकेक वाल चिमटीत धरून असा दाबायचा की डाळिंबी सुळकन पाण्यात पडायची आणि साल बोटात राहायचं. माझ्या हातून डाळिंबीचे दोन तुकडे व्हायचे. मी रडकुंडीला आले. तू माझे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवलेस आणि म्हणालीस, "मोडलेले घरी खायचे, अख्खे विकायचे. घरी पण माणसंच खातात, रडू नको."

तो धंदा तुझा आहे असं मी कितीतरी दिवस समजत होते. तुझा नव्हताच. धंदा मुलांचा होता. वाल नीलेशच्या आजोळहून येत. भात कापल्यावर त्याच ओल्या रानात लावलेले, कडवे, बारीक. ते किती भिजवायचे, फडक्यात किती वेळ बांधायचे, कुणाला विकायचे, हे मुलांनी ठरवायचं आणि ठरवताना भांडायचं. तुझी फक्त परात आणि ओटा. मापाला तुझंच फुलपात्र. माप झालं की त्यावर एक मूठ जास्त टाकायची, आणि ती मूठ सगळ्यांत लहान मुलाने टाकायची, असा तुझा दंडक. गिऱ्हाईक हसायचं, "मावशी, मूठ द्यायला मुद्दाम चिमुरडी ठेवलीय होय?" तू म्हणायचीस, "मोठी झाली की मोठी मूठ मिळंल. येत राहा."

उरले तर त्याचं बिरडं व्हायचं आणि आम्ही सगळे तुझ्या ओट्यावर बसून ते खायचो. जे विकलं नाही ते आपण गिळायचं, कुणावर ढकलायचं नाही. तू हे असं कधी बोलून दाखवलं नाहीस. नुसतं ताट वाढलंस.

आणि तुझा शनिवार.

आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार अर्ध्या घरांत मासळी शिजत नाही. त्यातून शनिवारी बिरडं ठरलेलं. म्हणजे सोललेल्या वालांना खरं गिऱ्हाईक शनिवारी सकाळी. आणि नेमका तेव्हाच तुझा ओटा बंद. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी तू काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचीस, वर खोबरेल, त्यात वात. डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर हात. तिथून पुढे शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विकणं नाही, पैशाला हात नाही, लिहिणंसुद्धा नाही.

नीलेशने एकदा वाद घातला. "मावशी, आम्ही कुठं ज्यू हाव? आम्ही विकतो. तू आत बस, बघू नको."

"विका की. रस्ता सरकारचा हाय, तिकडं बसा. ओटा माझा हाय. तो शनिवारी झोपतो."

"पण शनिवारी तर जास्त खपतील."

"म्हणूनच तर," तू म्हणालीस. "ज्या दिवशी खपत नाय त्या दिवशी दुकान बंद ठेवायला कुणाला पण येतं."

मग तू आम्हाला घाण्याची गोष्ट सांगितलीस. तुमचे वाडवडील तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा. गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं, हसायचं. "हसायचं आणि शुक्रवारी दुप्पट तेल न्यायचं," तू म्हणालीस. "लोकांला कळलं ना दुकान कधी बंद, की ते आधी येतात. कधी पण उघडं असतं त्या दुकानात कोण घाईनं जातंय?"

आणि खरंच वाल शुक्रवारचे झाले. बुधवारी रात्री भिजवायचे, गुरुवारी उपसून बांधायचे, शुक्रवारी दुपारी कोमट पाण्यात सोलायचे. चारच्या सुमाराला तू ओट्याच्या पायरीवर उभी राहून हाळी द्यायचीस, "शुक्रवारचे वाल, दिवा लागायच्या आत न्या." पार नदीकडच्या टोकापर्यंत ऐकू जायची. गावाबाहेर वरशाच्या नव्या बिल्डिंगांमधून लोक स्कूटरवर डबे घेऊन येत. पुढे तू हाळी मुलांवर सोपवलीस. दर शुक्रवारी एकाची पाळी. माझी पाळी आली की मी खाली परातीत बघत बसायचे. तू थोडा वेळ थांबायचीस आणि मग स्वतः हाळी द्यायचीस. "ही खिडकीतलीच्या नावची," असं म्हणून.

सगळे हसायचे. तुला ते प्रेमाचं वाटायचं. मला ते लागायचं, मावशी. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

हाळी द्यायला नको म्हणून मी एक पाटी केली. शाळेत आम्हाला चार्टपेपरवर सुंदर अक्षर काढायला शिकवायचे. मी हिरव्या स्केचपेनने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'फ्रेश स्प्राउटेड फील्ड बीन्स', भोवती वेलबुट्टी काढली आणि खांबाला टांगली. वाल हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा ते मी डिक्शनरीत शोधलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फक्त एक माणूस थांबला. सायकल टेकवून त्याने पाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मावशी, इंग्रजीचा क्लास काढलाव काय?"

"व्हय," तू म्हणालीस. "पहिल्या दिवशी फी नाय. उलट वाल देते."

त्याने खरंच नेले, आणि पुढच्या शुक्रवारी मुलीला घेऊन आला, क्लासला घालायला. ती मुलगी मग आमच्यात वाल सोलायला बसू लागली. पाटी तू काढली नाहीस. उन्हाने तिचा रंग उडेपर्यंत ती खांबाला होती.

आईला हे सगळं पसंत नव्हतं. ती एकदा तुझ्याकडे आली, पदर खोचून, ठरवून आल्यासारखी. "रिबकाबाई, आम्ही पोटाला चिमटा काढून हिला इंग्लिश मीडियमला घातली. ती ओट्यावर बसून वाल विकते, हे लोक बघतात. मला विचारतात."

"काय विचारतात?"

"विचारतात, घरी काही अडचण आहे का."

तू हसली नाहीस, हे मला चांगलं आठवतं. म्हणालीस, "त्यांला सांगा, अडचण नाय म्हणूनच बसवलीय. अडचण आली की बसायला लागतं तवा फार जड जातं. शाळेत जाऊ दे की तिला. वाल सोलताना इंग्रजी सांडत नाय."

आई परत आली आणि दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला डबा देऊन खाली पाठवलं, "जा. आणि येताना आपल्यालाही आण."

तू आम्हाला इतक्या लहान वयात का बसवलंस, हे मी तुला मोठी झाल्यावर विचारलं. तू म्हणालीस, "लाज पोरीबरोबर वाढते गो. लहान हाय तवर ती पण लहान असते. तवाच तिच्याशी ओळख करून घ्यायची." ते तेव्हा मला पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी एकदम पटल्यासारखं करणार नाही.

कारण वरशाची ती दुपार मी विसरलेले नाही. तू मला एकटीला डबा देऊन पाठवलंस. ओळखीची बिल्डिंग, ओळखीची माणसं, फक्त बेल दाबायची आणि विचारायचं. मी पहिल्या मजल्यावर गेले, दुसऱ्या मजल्यावर गेले. प्रत्येक दारासमोर उभी राहिले. आतून कुकरची शिट्टी, टीव्ही, कुणाचंतरी हसणं ऐकलं. माझं बोट बेलपर्यंत गेलं नाही. भरलेला डबा घेऊन परत आले. तू झाकण उघडून पाहिलंस आणि मुलांना म्हणालीस, "आज वरशात कुणाला भूक नव्हती. बिरडं टाका." आणि माझ्या ताटात सगळ्यांत जास्त वाढलंस.

मला तो घास गिळवेना. तू मला सांभाळून घेत होतीस की चिडवत होतीस, हे तेव्हा कळलं नाही. आजही शंभर टक्के कळलेलं नाही. तू असतीस तर विचारलं असतं, असं लिहिणार होते. पण पंधरा वर्षं तू होतीस आणि मी विचारलं नाही, हेच खरं.

मग बाबांनी पेणला फ्लॅट घेतला. आम्ही रोहा सोडलं. मी कॉलेज केलं आणि वडखळच्या बाजूला एका ऑफिसात लागले. डोलवीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्यांपैकी एक. कुणाशी बोलावं लागत नाही, सगळं स्क्रीनवर. महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या शुक्रवारी अर्धा दिवस काढून मी एसटीने तुझ्याकडे यायचे. ओट्यावर तोपर्यंत नवी मुलं आलेली असायची, मग त्यांच्याहून नवी. मी खांबाला टेकून बसायचे आणि वाल सोलायचे. आता माझी डाळिंबी मोडत नाही.

शेवटचा शुक्रवारही तसाच होता. मी तुला सांगत होते की आमच्या पेणच्या मावसबहिणीच्या मुलाच्या शाळेत छोट्या व्यापाऱ्यांचा बाजार भरला होता. मुलांना टाय बांधले होते. मुलांनी घरून आणलेलं सामान मांडलं आणि आईबापांनी विकत घेतलं. फोटो काढले.

"आईबापच गिऱ्हाईक?" तू विचारलंस.

"हो."

"मंग तो भातुकलीचा खेळ झाला. चांगला हाय, खेळू दे. पण गिऱ्हाईक परकं पायजे. ज्याला नाय म्हणता येतं, ते गिऱ्हाईक."

तुझं हे नेहमीचं. दोन वाक्यांत निकाल. का कोण जाणे, त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "मावशी, पण तुझ्या ओट्यावर बसलेल्यांपैकी दुकान कुणी काढलं? नीलेश शिफ्टला जातो. मी पगारावर. एकाचं तरी नाव सांग."

तू वाल सोलत राहिलीस.

"आणि मला लाज नव्हती," मी म्हटलं. "मी तशीच आहे. गप्प. तू इतकी वर्षं ते काढून टाकायला बघितलंस. ते काढलं असतं तर माझ्यात उरलं काय असतं?"

माझ्या आयुष्यात मी कुणाला सलग एवढं बोलले नव्हते. तू मान वर केलीस. रागावली नव्हतीस. मला वाटतं तुला बरंच काही सांगायचं होतं. पण ऊन भिंतीवरून कौलांवर गेलं होतं. तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "दिवा लावायचाय. पुढल्या शुक्रवारी सांगते. चांगलं भांडलीस गो, अर्धं ठेव, संपवू नको."

मंगळवारी तू गेलीस. झोपेत, कुणाला हाक न मारता. हाळी देणाऱ्या बाईने.

दफनाच्या वेळी प्रार्थनेला तुमच्यातले दहा पुरुष लागतात. रोह्यात आता तेवढे कुठून येणार? काही पेणहून आले, ठाण्याहून दोघे निघाले होते, अलिबागची गाडी रस्त्यात अडकली होती. सगळे थांबले होते. आळीतले पुरुष दफनभूमीच्या भिंतीलगत एका ओळीत उभे होते, टोप्या घालून, डोक्यावर रुमाल टाकून. नीलेश रात्रपाळी करून तसाच आला होता, कंपनीचा शर्ट अंगात. मी त्याला म्हटलं, तू बस जरा, तुला काही ते दहांत धरणार नाहीत. तो म्हणाला, "नको धरू दे. उभा राहतो."

उभ्या उभ्याच त्याने मला एक सांगितलं. मला ते माहीत नव्हतं, मी त्या सुट्टीत आजोळी असेन. त्याने एकदा वाल बांधून ठेवले आणि खेळायच्या नादात विसरला. शुक्रवारी फडकं सोडलं तर सगळे बुळबुळीत, आंबलेले. तो म्हणाला, वर चांगले ठेवून खाली हे घालू. तू ते परातभर वाल गुरांना घातलेस आणि त्याला पायरीवर उभं केलंस. येणाऱ्या प्रत्येकाला त्याने स्वतः सांगायचं, आज वाल माझ्या हातून बिघडले, पुढच्या शुक्रवारी या. एक बाई म्हणे त्याला खूप बोलली. तू आतून ऐकत होतीस, बाहेर आली नाहीस.

"अजून सवय हाय," नीलेश म्हणाला. "कंपनीत काय चुकलं की पहिला मीच सांगतो. म्हणून शिव्या पण पहिल्या मलाच."

तो हसला आणि मग त्याला हसता येईना. अलिबागची गाडी आली. प्रार्थना सुरू झाली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण मध्येच तुझं नाव आलं तेवढं कळलं.

मी तुला विचारलं होतं, दुकान कुणी काढलं. दुकान नसलं तरी आपली चूक पहिली सांगणारा म्हणून तेव्हा तुझ्याकडे नीलेशचं नाव होतं. तू ते का सांगितलं नाहीस? तुझं उत्तर हे होतं की दुसरंच काही, मला ठाऊक नाही. मी ते तुझ्या तोंडी घालणार नाही.

स्वतःचं मात्र कळलं. मला हाळी देता आली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ओटा बंद करायलाही मी शिकले नाही. ऑफिसातून शनिवारी रात्री फोन येतो, रविवारी सकाळी येतो, मी 'हो सर' म्हणते. बेल दाबायला जे बोट उचललं नाही, तेच बोट 'नाही' म्हणायलाही उचलत नाही. ह्या दोन गोष्टी एकच आहेत, हे तू मला पुढल्या शुक्रवारी सांगणार होतीस का?

सात दिवस संपल्यावर डॅनियलने आळीतल्या लोकांना चहाला बोलावलं. त्याचं मराठी अजून तुझंच आहे, वीस वर्षांपूर्वी इथून नेलेलं. तो म्हणाला, घर एवढ्यात विकत नाय, पण बंद ठेवावं लागंल. ओट्याला जाळी मारून घेतो, शनिवार-रविवार गेला की माणूस येईल. मोकळा ओटा म्हणजे कोण पण येऊन बसतो.

नीलेशने कप खाली ठेवला.

"आता बसणार कोण इथं?" त्याने विचारलं. खरोखर विचारलं. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. कुंदाकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. नीलेशने पाहिलं. मी चहाच्या कपात बघत राहिले, परातीत बघायचे तशी. तुझा मुलगा एक साधा प्रश्न विचारत होता आणि उत्तर मला येत होतं. चहा संपला, लोक उठले. मी पेणला परत गेले. एसटीत सगळा रस्ता मनातल्या मनात त्याला उत्तर देत गेले. मनातल्या मनात मी फार छान बोलते.

पुढचं परवाचं आहे. काल शनिवार होता म्हणून लिहिलं नाही. आज लिहिते.

शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं, दुपारनंतर मी नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "रोह्याला काम आहे." एवढंच, तीन तीन शब्दांचं, पण बोलले. उतरून आळीत शिरले तर ओट्यावर तन्वी बसलेली. तुझी ह्या वर्षीची सगळ्यांत लहान, मूठ टाकणारी. तिच्याबरोबर आणखी दोन मुली. मध्ये परात, वर ओलं फडकं. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. बुधवार आला तसे वाल भिजवले होते. परात आणि फुलपात्र त्यांनी डॅनियलकडे मागितलं, आणि भांडीकुंडी खेळायला हवी असतील असं वाटून त्याने ते देऊन टाकलं होतं.

मी फडकं उचललं. डाळिंब्या अख्ख्या, पांढऱ्याशुभ्र, एकही मोडलेली नाही.

"किती गेले?" मी विचारलं.

"कायच नाय," तन्वी म्हणाली. "लोकांला वाटतंय बंद झालं. आमी कवापासून बसलोय."

"मग हाळी द्यायची ना."

"मावशी द्यायची." तिने परातीतला एक वाल उचलला आणि परत ठेवला. मान खालीच. "मला नाय येत. मला भ्या वाटतं."

मावशी, तिची ती खाली घातलेली मान मी ओळखली. आतून कशी असते तेही ओळखलं. तिला काय सांगायचं हे मला माहीत नव्हतं. तिची लाज काढून टाकावी असं मला मुळीच वाटलं नाही. ती तशीच राहिली तरी चालेल. पण वाल तसेच राहून चालणार नव्हते. ऊन भिंतीवर होतं, अजून कौलांवर गेलेलं नव्हतं. समोर कुंदाकाकूंचं दार बंद होतं. आत डॅनियल कपाटं आवरत होता, त्याचा आवाज येत होता. सोमवारी जाळीवाला माप घ्यायला येणार होता.

मी पायरीवर उभी राहिले, जिथे तू राहायचीस तिथे. तोंड उघडलं आणि म्हटलं, शुक्रवारचे वाल.

"ताई," तन्वी मागून म्हणाली, "हे तर मला पन नाय ऐकू आलं."

बाकीच्या दोघी फिसकन हसल्या. आणि मला पहिल्यांदा ते हसणं लागलं नाही. मला तू म्हणायचीस ते आठवलं, ही खिडकीतलीच्या नावची. मी श्वास घेतला. तन्वीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला सांगितलं, ही तुझ्या नावची. आत कपाटाचा आवाज थांबला होता. मी नदीकडच्या टोकाकडे तोंड केलं.

"शुक्रवारचे वाल, दिवा लागायच्या आत न्या."